गिटची स्क्रिप्ट रूटमधून चालते, पण सबफोल्डरमधून "फाइल सापडली नाही" म्हणते, असं का?

मीपण यात दोन दिवस घालवलेत म्हणून जरा सविस्तर सांगते. तुमची स्क्रिप्ट बदललेल्या फाइल्सची यादी "गिट डिफ --नेम-ओन्ली" ने घेते ना, तिथेच गोम आहे. ही कमांड कुठूनही चालवा, पाथ रूटपासूनचाच, म्हणजे प्रोजेक्टच्या सगळ्यात वरच्या फोल्डरपासूनचाच मिळतो. म्हणजे तुम्ही आहात बॅकएंड/लॉगिन मध्ये, यादीत आलं बॅकएंड/लॉगिन/फॉर्म.पीवाय, आणि स्क्रिप्ट शोधत बसते बॅकएंड/लॉगिन/बॅकएंड/लॉगिन/फॉर्म.पीवाय, ती कुठून सापडणार! "गिट एलएस-फाइल्स" चं बरोबर उलटं, ती फक्त चालू फोल्डरमधल्या फाइल्स देते आणि पाथही तिथूनचे. दोन्ही एकाच स्क्रिप्टमध्ये आल्या की घोळ झालाच.

नुसतं --रिलेटिव्ह लावून डिफचं काम भागेल, पण मग बाहेरच्या फोल्डरमधले बदल यादीतून गुपचूप गळतात. मला विचाराल तर सुरुवातीलाच "गिट रेव्ह-पार्स --शो-प्रिफिक्स" चं उत्तर एका व्हेरिएबलमध्ये ठेवा (इथे बॅकएंड/लॉगिन/ येईल, रूटमध्ये असाल तर रिकामं), मग --शो-टॉपलेव्हल ने रूट काढा आणि सीडी करून तिथे जा, पुढचं सगळं तिथूनच. क्रम उलटा केलात तर प्रिफिक्स कायम रिकामाच येणार. युजरने फाइलचं नाव दिलं असेल तर त्याच्यापुढे हा प्रिफिक्स जोडायचा, फक्त पूर्ण पाथ दिला असेल तर नाही.

आणि प्लीज, एकेक फोल्डर वर जात .गिट (रूटमधला गिटचा स्वतःचा डेटा ठेवणारा फोल्डर) शोधायचा कोड स्वतः लिहू नका, जोडलेल्या वर्कट्री (त्याच रेपोची दुसऱ्या फोल्डरमधली कामाची प्रत) आणि सबमॉड्यूलमध्ये (रेपोच्या आत बसवलेला दुसरा रेपो) .गिट हा फोल्डर नसतो, साधी फाइल असते, त्यामुळे "फोल्डर आहे का" ही तपासणी तिथे फसते.

अजून एक, उद्गारचिन्हाने सुरू होणारा एलियस (गिटमध्ये स्वतः ठरवलेलं कमांडचं छोटं नाव) केला असेल तर तो आधीच रूटमधून चालतो, तुम्ही तो ज्या फोल्डरमधून चालवलात तो तुम्हाला जीआयटी_प्रिफिक्स या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये मिळेल. पण जीआयटी_डिर (.गिट कुठे आहे ते सांगणारं व्हेरिएबल) सेट करून जीआयटी_वर्क_ट्री (तुमच्या फाइल्सचा रूट कुठे आहे ते सांगणारं) विसरलात तर गिट चालू फोल्डरलाच रूट समजतं आणि स्टेटसमध्ये धडाधड फाइल्स डिलीट झालेल्या दिसतात. घाबरू नका, फाइल्स जागेवरच असतात, पण त्या अवस्थेत कमिट मात्र अजिबात करू नका.