फ्लॉरेन्समध्ये दोनच दिवस: काय बघू, काय सोडू?

प्रश्न: नमस्कार ताई, मी, मिस्टर, बारा वर्षांचा मुलगा आणि सत्तरीतले सासू-सासरे असे इटलीला चाललोय. फ्लॉरेन्सला रविवार-सोमवार एवढेच दिवस मिळतायत. नेटवरच्या लिस्टा वाचून डोकं गरगरायला लागलंय. सासऱ्यांना गुडघ्याचा त्रास आहे. काय करू? - एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: आधी एक महत्त्वाचं, उफ्फिझी हे चित्रांचं मोठं म्युझियम आणि मायकेलअँजेलोने घडवलेला डेव्हिडचा पुतळा जिथे आहे ती अकादेमिया गॅलरी, दोन्ही सोमवारी बंद असतात. म्हणजे दोन्ही रविवारीच उरकावं लागेल, तेव्हा जमलं तर सोमवारचा मंगळवार करा. नाहीच जमलं तर रविवारी सकाळी पहिल्या स्लॉटला उफ्फिझी, मग नीट जेवण आणि आराम, आणि चारच्या सुमारास अकादेमिया. ती लहान आहे, तासाभरात होते, पण तिथे बॅगा ठेवायची सोय नाही म्हणून सामान हॉटेलवरच ठेवा. गावातल्या मुख्य चौकात डेव्हिडची कॉपी उभी आहे, ती बघितली की झालं असं बरेच जण सांगतील, त्यांचं ऐकू नका. खरा पुतळा पाच मीटरहून उंच आहे, आणि त्याच्याकडे जाताना वाटेत मायकेलअँजेलोचे अर्धवट राहिलेले 'कैदी' नावाचे पुतळे दिसतात, दगडातून माणूस बाहेर यायला धडपडतोय असे, मला तर तेच जास्त भिडतात.

उफ्फिझीत लिफ्ट आहे. थेट वरच्या मजल्यावर जाऊन ताज्या डोळ्यांनी आधी बोत्तिचेल्ली या चित्रकाराची चित्रं बघा आणि मग जमेल तेवढंच पुढे चाला, सगळ्या खोल्या करायच्याच असं काही नाही. आणि बघताना आना मारिया लुईझाची आठवण ठेवा. फ्लॉरेन्सवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्याची ही शेवटची वारस, राज्य दुसऱ्यांच्या हातात चाललेलं, तेव्हा १७३७ मध्ये तिने करार करून घेतला की घराण्याचा हा सगळा संग्रह फ्लॉरेन्सबाहेर न्यायचा नाही. आज हे सगळं एका गावात बघायला मिळतं ते तिच्या त्या हट्टामुळे, आणि तिचं नाव मात्र फार कमी लोकांना माहीत असतं याचं मला खरंच वाईट वाटतं.

सोमवारी दुओमोचं, म्हणजे गावातल्या मुख्य चर्चचं, म्युझियम करा. चर्चसमोरच्या बाप्टिस्टरीसाठी (बाप्तिस्मा देण्याची इमारत) शिल्पकार गिबर्तीने केलेले मूळ सोनेरी दरवाजे तिथे आहेत, बाहेर लावलेत ती कॉपी आहे. ब्रुनेलेस्कीने बांधलेल्या दुओमोच्या घुमटाला ४६३ पायऱ्या आणि लिफ्ट नाही, त्यामुळे वर मिस्टर आणि मुलगा जाऊ देत, बुकिंग मात्र आधी लागतं. चर्चमध्ये जाताना खांदे-गुडघे झाकलेले हवेत. मुलाला उफ्फिझीच्या मागेच गॅलिलिओ म्युझियम आहे तिथेही न्या, गॅलिलिओच्या दुर्बिणी आहेत आणि काचेत ठेवलेलं त्याचं बोट पण आहे!

आणि तुम्ही कोल्हापूरच्या, म्हणून हे आवर्जून सांगते. तुमचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परत येताना ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समध्येच वारले, जेमतेम विशीतला मुलगा. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर हिंदू पद्धतीने दहन झालं, त्या काळात तिथल्या लोकांनी असं काही पाहिलेलं नव्हतं. कासिने बागेच्या पार पश्चिम टोकाला त्यांचा पुतळा आहे, त्यावरची छत्री चार्ल्स मँटने डिझाइन केली, तुमच्या न्यू पॅलेसचा आर्किटेक्टही तोच. जवळच्या पुलालाही यावरूनच 'इंडियानो' म्हणतात. बाग तीन किलोमीटरहून लांब आहे, सासू-सासऱ्यांना चालवू नका, टॅक्सीने जा आणि परतीच्या टॅक्सीचं आधीच ठरवून ठेवा.

प्रश्न: महिन्याच्या पहिल्या रविवारी म्युझियम फुकट असतात म्हणे, मग तोच दिवस धरावा का? - एक विद्यार्थी, पुणे

उत्तर: सरकारी म्युझियम फुकट असतात हे खरं, पण उफ्फिझीला रांग भयंकर लागते. बजेट अगदीच टाइट असेल तर त्या दिवशी नदीपलीकडचा पित्ती पॅलेस धरा, राफाएलची चित्रं तिथे भरपूर आहेत. दुओमोच्या चर्चमध्ये तर एरवीही तिकीट नसतं. १८ च्या आतल्यांना सरकारी म्युझियम रोजच फुकट, ६५ च्या वरच्यांना मात्र सवलत नाही. तिकिटं अधिकृत साइटवरूनच काढा, मधले लोक बरेच जास्त पैसे लावतात.