परतीचं आधी ठरव

प्रिय मित्रा,

शिडाच्या बोटींच्या क्लबच्या शनिवार-रविवारच्या सफरीला जावं का, आणि गेलोच तर आपली छोटी बोट न्यावी की दुसऱ्याच्या बोटीवर क्रू म्हणून जावं, असं तू विचारलंस. जाच. पण पहिल्या खेपेला क्रू म्हणून. दहा-बारा बोटी एकदम निघाल्या की काठावरच्यांना देखावा दिसतो आणि बोटीवरच्यांना धीर येतो. त्यातला निम्मा धीर खोटा. वारा चढला की तुझ्या बोटीवर जेवढी माणसं असतील तेवढीच उपयोगाची. शेजारच्या बोटीवरचा कुणी तुझं शीड लहान करायला उडी मारून येणार नाही.

माझं मुख्य सांगणं एकच आहे. शनिवारचा मुक्काम ठरवण्याआधी रविवारचं परतणं ठरव.

हे आकड्यांत मांडून बघ. मुक्काम 20 सागरी मैलांवर आहे, शनिवारी 15 नॉटचा (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) वारा थेट पाठीमागून आहे, बोट 5 नॉटनं चालली आहे. आपणही वाऱ्याच्याच दिशेनं पळत असल्यामुळे डेकवर तो जेमतेम 10 नॉट जाणवतो. गप्पा रंगतात, चार तासांत नांगर पडतो. रविवारी तोच वारा तोंडावर येतो. शिडाची बोट वाऱ्याच्या तोंडात सरळ जात नाही. साधारण 45 अंश बाजूला, एकदा उजवीकडे एकदा डावीकडे, अशी नागमोडी न्यावी लागते. 20 मैलांचे 28 होतात. लाटांवर आपटत वेग 4 नॉटवर आला की झाले सात तास. डेकवर आता वारा लागतो 18 नॉटच्या आसपास, आणि वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढत असल्यामुळे शिडांवरचा जोर कालच्या तिपटीहून जास्त. खरा वारा मात्र कालच्याइतकाच आहे, रेसभरही वाढलेला नाही! त्यात ओहोटीचा प्रवाह वाऱ्याच्या विरुद्ध निघाला की लाटा आखूड आणि उभ्या होतात, आणि मग शनिवारी हसणारी मंडळी गप्प बसतात.

वर सोमवार असतोच. प्रत्येकाला सकाळी कुठे ना कुठे हजर व्हायचं असतं. माझ्या मते हौशी मंडळींचे समुद्रावरचे सगळ्यात वाईट निर्णय या सोमवारपायी होतात. म्हणून मुक्काम असा निवडावा, की वेळ पडली तर बोट तिथेच सुरक्षित बांधून माणसांना रस्त्यानं घर गाठता येईल. आणि सोय असेल तर शनिवारी वाऱ्याच्या विरुद्ध चढत जावं, रविवारी वारा पाठीशी घेऊन यावं. वारा फिरला तर गणित बदलेल, पण निदान गणित केलेलं तरी असेल.

निघण्याआधी स्किपरांची, म्हणजे बोटींच्या प्रमुखांची, बैठक होते. क्रूनं तिथे बसू नये असं कुठे लिहिलेलं नाही. बस आणि ऐक. कुठपर्यंत किती वाजता पोहोचलो नाही तर मागे फिरायचं, हे ठरलंय का? मुक्कामाच्या जागी लाट शिरली तर दुसरी जागा कोणती? रेडिओवर कोण, किती वाजता, कुठल्या चॅनेलवर बोलणार? चॅनेल 16 हाक मारण्यासाठी आणि संकटासाठी आहे, गप्पांसाठी दुसरं चॅनेल ठरवावं लागतं. वेग कुणाचा धरलाय हेही बघ. पाण्याच्या रेषेवरची लांबी फुटांत घेऊन तिच्या वर्गमुळाला 1.34 नं गुणलं की अशा बोटीची साधारण वरची मर्यादा नॉटमध्ये मिळते. 25 फुटांना 6.7, 36 फुटांना 8. प्रत्यक्षात दोन्ही यापेक्षा हळूच जातात, पण फरक राहतोच. वेळापत्रक मोठ्या बोटीवरून आखलं तर छोटी बोट अंधारात, अनोळखी जागी, दमलेल्या माणसांनिशी पोहोचते.

आणि बैठकीत काहीही ठरो, जायचं की नाही आणि पुढे जात राहायचं की परतायचं, हे ज्या त्या बोटीनंच ठरवायचं असतं. शिडांच्या शर्यतींच्या जागतिक नियमांतसुद्धा ही जबाबदारी फक्त त्या बोटीची, असं स्पष्ट म्हटलंय. मग सहलीत ती ताफ्याच्या म्होरक्यावर कशी ढकलणार? "बाकीचे चाललेत ना" हे वाक्य तुझ्या स्किपरच्या तोंडून ऐकलंस, तर पुढच्या वेळी दुसरा स्किपर बघ.

स्किपर कसा निवडायचा, हे तू विचारलं नाहीस तरी सांगतो. बोट चकचकीत आहे का हे बघू नकोस. धक्का सोडण्याआधी तो लाइफजॅकेट अंगावर चढवून पट्टे आवळून दाखवतो का, आग विझवायचं नळकांडं, रेडिओ आणि इंजिन बंद करायची कळ कुठे आहे हे सांगतो का, आणि "मीच पाण्यात पडलो तर तुम्ही काय कराल" असं विचारतो का, ते बघ. या प्रश्नाचं उत्तर आधीच पाठ करून जा: ओरडायचं, तरंगणारं काहीतरी फेकायचं, आणि एकानं दुसरं कुठलंही काम न करता पडलेल्या माणसाकडे हाताचं बोट रोखून उभं राहायचं. लाटांत माणसाचं डोकं नजरेआड व्हायला क्षणही पुरतो. शीड लवकर लहान करणारा स्किपर मिळाला तर त्याला धरून राहा. लोक त्याला भित्रा म्हणतील, म्हणोत.

बोटीवर तुला पहिल्यांदा विंचवर, म्हणजे शिडाचे दोर ओढायच्या फिरत्या ड्रमवर, बसवतील. ड्रमवर वेढे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं. दोरावर ताण असताना तो ढिला करायचा झाला, तर वेढे बोटांनी धरू नकोस. एका हातात दोराचं टोक, दुसऱ्या हाताचा तळवा वेढ्यांवर चपटा दाबलेला, आणि वेढे तळव्याखालून इंच-इंच सरकू द्यायचे. अंगठा बाहेर. दोर आणि ड्रमच्या मध्ये अंगठा सापडला की शिडाचा सगळा ताण त्याच्यावर येतो. वारा पाठीमागून असताना बूमच्या, म्हणजे शिडाखालच्या आडव्या दांड्याच्या, वाटेत डोकं आणायचं नाही, हे तुला शिकवलेलंच आहे.

मुक्कामाला बोटी एकमेकींना बांधायची हौस सगळ्यांना असते. संध्याकाळपुरतं छान आहे. सगळ्यांत जड नांगराची बोट मधे, तिचाच नांगर पाण्यात, दोन्ही बाजूंना बाकीच्या, मधे भरपूर फेंडर, म्हणजे बोटी घासू नयेत म्हणून लावायच्या गाद्या. डोलकाठ्या मात्र एका ओळीत येऊ द्यायच्या नाहीत. बोटी डुलल्या की वरच्या आडव्या दांड्या एकमेकींत अडकतात. झोपायच्या वेळी सुटं व्हावं आणि आपापला नांगर टाकावा, असं माझं मत आहे. रात्री वारा फिरला तर एका नांगरावर पाच बोटी लोंबकळतात, आणि अर्धवट झोपेत गाठी सोडायला कुणाचे हात चालत नाहीत.

नांगराची साखळी किती सोडायची, इथे लोक सर्रास फसतात. खोली आत्ताची नाही, भरतीची धरायची, आणि त्यात नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची उंची मिळवायची. आत्ता 4 मीटर पाणी, भरतीचे आणखी 2, नाळ 1 मीटर वर, म्हणजे 7. साखळी असेल तर निदान पाचपट, 35 मीटर. बराचसा दोर असेल तर सातपट, जवळजवळ 50. शेजारी दोरावर आणि तू साखळीवर असशील तर दोघं सारखे फिरणार नाही, तेवढं अंतर ठेवायचं.

ताफ्यात बोटी जवळ-जवळ चालतात, म्हणून 1972 चे टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम ओठांवर हवेत. दोघी शिडांवर असताना डाव्या बाजूनं वारा घेणारीनं वाट द्यायची. दोघींचा वारा एकाच बाजूचा असेल तर वारा जिकडून येतो त्या बाजूच्या बोटीनं. मागून ओलांडणारीनं नेहमीच. रविवारी वारा पडला की कंटाळून लोक शीड वर ठेवूनच इंजिन लावतात. त्या क्षणापासून ती यांत्रिक बोट होते. दिवसा तिनं टोक खाली केलेला काळा शंकू लावायचा आणि शिडांवरच्या बोटींना वाट द्यायची.

मळमळ लागेल. गोळी निघण्याआधी घे, लागल्यावर नाही. खाली केबिनमध्ये जाऊ नकोस, क्षितिजाकडे बघत सुकाणू मागून घे. इंधनाची वर्गणी आधीच विचारून ठेव, आणि परतल्यावर डेक धुऊन, दोर गुंडाळून होईपर्यंत धक्का सोडू नकोस. पुढच्या सफरीचं बोलावणं बहुधा तिथेच मिळतं.

बैठकीनंतर कुणाच्या बोटीवर जातोयस ते कळव. माझ्या ओळखीचा असला तर नांगराच्या साखळीवरून मी त्याच्याशी आधीच भांडून ठेवतो.

तुझा,
काका