मॅनी पॅकियाओने आठ वजनगटांत विजेतेपदं कशी मिळवली?

थोडक्यात सांगायचं तर वजन वाढलं, पण वेग गेला नाही.

फिलिपिन्सचा हा डावखुरा बॉक्सर 1995 मध्ये वयाच्या सोळाव्या वर्षी व्यावसायिक झाला. 1998 मध्ये फ्लायवेटचा, म्हणजे साधारण 51 किलोच्या गटाचा विजेतेपदाचा पट्टा त्याने थायलंडच्या चाटचाई ससाकुलला नॉकआउट करून जिंकला. पुढच्याच वर्षी मात्र अंगाने भरत चाललेल्या या पोराला ते वजन गाठता आलं नाही. पट्टा काट्यावरच गेला आणि लढतही हरला.

माझ्या मते खरं वळण 2001 चं. अगदी ऐनवेळी बदली म्हणून बोलावलेल्या पॅकियाओने दक्षिण आफ्रिकेच्या लेडवाबाला हरवून सुपर बॅन्टमवेट, म्हणजे साधारण 55 किलोचा गट जिंकला. प्रशिक्षक फ्रेडी रोचसोबतची ती पहिलीच लढत. आधी सगळी भिस्त डाव्या हातावर असायची. रोचने उजवा हातही तितकाच घातक केला, पायांची हालचाल सुधारली. म्हणूनच पुढे मोठ्या अंगाच्या खेळाडूंना तो सापडेना. 2009 मध्ये ब्रिटनचा रिकी हॅटन दुसऱ्याच फेरीत आडवा झाला, पोर्तो रिकोच्या मिगेल कोटोची लढत बाराव्या फेरीत थांबवावी लागली.

2010 मध्ये बराच उंच आणि वजनदार मेक्सिकन बॉक्सर मार्गारिटोला हरवून आठवा गट, सुपर वेल्टरवेट, झाला. मात्र ती लढत गटाच्या नेहमीच्या 154 पौंडांऐवजी ठरवून घेतलेल्या 150 पौंडांच्या (साधारण 68 किलो) मर्यादेवर झाली होती. शिवाय आठांपैकी फेदरवेट आणि लाइट वेल्टरवेट इथे त्याच्याकडे बॉक्सिंगच्या चार मोठ्या संघटनांपैकी कुणाचाच पट्टा नव्हता, तिथे त्याने त्या गटाच्या मान्यताप्राप्त अव्वल खेळाडूला हरवलं होतं. तरी 2019 मध्ये, चाळिशीत, अपराजित अमेरिकन बॉक्सर कीथ थर्मनला हरवणं मला सगळ्यात थोर वाटतं.