गोव्यात काचकामावर घर चालतं का?

तुम्ही विचारलंय की नोकरी सोडून गोव्यात स्टेन्ड ग्लासचं, म्हणजे रंगीत काचांचे तुकडे जोडून नक्षी करण्याचं, काम सुरू करावं का आणि सुरुवात कशाने करावी. मी म्हापशाजवळ हेच काम करते, खिडक्यांची पॅनल्सही आणि भट्टीतली काचही. घर चालतं, पण गिऱ्हाइकाला जे काम दिसत नाही तेही दरात धरलं तरच.

सुरुवात कॉपर फॉइलने करा, म्हणजे काचेच्या तुकड्यांच्या कडांना तांब्याची पट्टी चिकटवून ते सोल्डरने जोडायचे, त्याला भट्टी लागत नाही. कटर, ग्राइंडर, सोल्डरिंग आयर्न, तांब्याची पट्टी, सोल्डर म्हणजे जोडायची कथील-शिशाची तार, ते धरावं म्हणून लावायचा फ्लक्स, बस्स. कटर काचेवर एकदाच ओढायचा, या कडेपासून त्या कडेपर्यंत, सारख्या दाबाने, कर्रर्र असा बारीक आवाज सलग आला की रेघ नीट बसली. त्याच रेघेवर परत फिरवला तर काच भलतीकडे फुटते आणि कटरचं चाकही जातं. आणि आपल्याकडची ही खारी दमट हवा! पावसाळ्यात पट्टी उघडी राहिली की काळपट पडते, मग सोल्डर धरतच नाही, म्हणून रोल झिपच्या पिशवीत सिलिका जेल टाकून ठेवायचे आणि पट्टी चढवली की सोल्डरिंग लांबवायचं नाही. ६०/४० सोल्डरमध्ये ४० टक्के शिसं असतं, तेव्हा त्या टेबलावर चहा अजिबात नको, हात साबणाने धुतल्याशिवाय जेवण नको.

भट्टीत काच ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास एकजीव होते, ते जमतं लवकर. अवघड आहे ती थंड करणं. बुल्सआय या कंपनीची भट्टीत भाजायची काच ६ मिमी जाड असेल तर ४८२ अंशांवर तासभर धरायची, १२ मिमीला २ तास, २५ मिमीला ४ तास, आणि एवढी जाड काच त्यानंतर तासाला १५ अंश अशी हळूहळू उतरवायची. घाई केली की आत ताण राहतो, वस्तू दिसते सुंदर आणि लोकांच्या घरी जाऊन एक दिवस आपोआप तडकते. दोन पोलरायझिंग फिल्म एकमेकींना काटकोनात ठेवून मधे पारदर्शक काच धरली तर ताणाची जागा उजळ दिसते, हे न बघता मी माल देत नाही. बाटलीची काच आणि रंगीत काच एकत्र भाजायचा मोह होतो, पण दोघींचं प्रसरण वेगळं, तडा जाणारच. मधेच लाइट गेली तर भट्टीचं झाकण उघडायचं नाही, आतल्या आत थंड होऊ दे.

आता पैसा. हणजूणच्या किंवा हडफड्याच्या बाजारात लटकन, पेंडंट खपतात पण सीझनपुरतेच, आणि दुकानदार विकल्यावर पैसे देतो म्हणजे तुमचं भांडवल त्याच्या शोकेसमध्ये अडकून बसतं. खरं उत्पन्न ऑर्डरीचं. आसगाव-शिवोलीकडचे व्हिला, देवघराची दारं, जुन्या घरांतल्या रंगीत काचांची दुरुस्ती. चवथीआधी घरं सजवायची असतात त्यामुळे पर्यटक नसलेले महिनेही कामात जातात. यात माप घ्यायला जाणं, फुटलेली काच, भट्टीची वीज, पॅकिंग, सुताराबरोबर उभं राहून पॅनल बसवणं, सगळं मोजा आणि ५० टक्के ॲडव्हान्स आल्याशिवाय काच कापू नका. ओळखीचे लोक असले तरी. काचेऐवजी पातळ शिंपले बसवलेल्या जुन्या खिडक्यांचं कामही येतं, मला ते फार आवडतं, पण तो शिंपला वन्यजीव संरक्षण कायद्यात येतो, नवीन आणून देतो म्हणणाऱ्याकडून घेऊ नका, आहेत तेच शिंपले सांभाळून परत बसवा.

नोकरी लगेच सोडू नका. संध्याकाळी आणि रविवारी फॉइलचं काम करा, दोन-तीन आर्किटेक्टना प्रत्यक्ष नमुना उजेडात धरून दाखवा, मोबाइलवरच्या फोटोत काचेचा रंग कळत नाही. ॲडव्हान्स देणाऱ्या ऑर्डरी लागोपाठ यायला लागल्या की मग भट्टीचं बघा, आणि मोठी घेणार असाल तर आधी जागेला थ्री-फेज कनेक्शन मिळतंय का ते विचारा.