जपानमध्ये जंगलातलं शिंतो देऊळ आणि तिथलं खास स्थानिक जेवण एकाच दिवसात जमेल असं ठिकाण कोणतं? आई-बाबा सोबत आहेत, आई शाकाहारी आहे.

तोगाकुशी. टोकियोत राहणारा माणूस असल्याने निक्को, कामाकुरा ही नावं मलाही आधी सुचायला हवीत, पण तुम्ही जंगल आणि जेवण दोन्ही एकत्र मागताय. टोकियोहून शिनकानसेन म्हणजे बुलेट ट्रेनने नागानो शहराला दीड तासाच्या आसपास लागतो. स्टेशनसमोरून बस मिळते, ती तासाभरात डोंगरावर चढते.

तोगाकुशीत एक नाही, पाच देवळं आहेत, डोंगरउतारावर विखुरलेली. सगळी करायच्या भानगडीत पडू नका. सकाळी थेट ओकुशा या सर्वात वरच्या देवळाच्या थांब्यावर उतरा. तिथून देवळापर्यंत साधारण दोन किलोमीटर पायी जायचं, गाड्या आत जात नाहीत. पहिला किलोमीटर सपाट आणि सरळ आहे, बाजूने ओढ्याचं पाणी वाहतं. मग झुइशिनमोन नावाचं लाल दार लागतं. त्याच्या गवताने शाकारलेल्या छपरावर झाडोरा उगवलाय. त्या दारातून आत पाऊल टाकलं की दोन्ही बाजूंना चारशे वर्षांहून जुने देवदारासारखे सुगी वृक्ष. खोडाला कवेत घ्यायला दोन-तीन माणसं लागतील. इथून पुढे सगळे आपोआप हळू बोलायला लागतात, अगदी शाळेच्या सहलीतली पोरंसुद्धा!

देवाच्या नावाने राखलेलं रान आपल्याला नवीन नाही. कोकणातल्या देवराईत फांदीही तोडायची नाही, तोच धाक इथेही आहे.

शेवटचा टप्पा मात्र दगडी पायऱ्यांचा आणि चांगला दमवणारा आहे. आईंचे गुडघे कुरकुरत असतील तर त्यांना सुगीच्या रांगेपर्यंतच न्या. खरं सांगायचं तर वर न गेल्याने फारसं काही हुकत नाही. हिमकडे कोसळून ओकुशाची नासधूस होत आली, म्हणून आजचं देऊळ काँक्रीटचं आहे. फोटो बघून आलेल्यांचा तिथे विरस होतो. पाहण्यासारखी आहे ती वाट.

गोष्ट मात्र बाबांना नक्की सांगा. सूर्यदेवी अमातेरासु रुसून गुहेत जाऊन बसली आणि जग अंधारात बुडालं. देवांनी बाहेर नाचगाण्याचा धिंगाणा घातला. काय चाललंय ते बघायला तिने दार किलकिलं केलं, तेवढ्यात दबा धरून बसलेल्या बलदंड ताजिकाराओने तिला बाहेर ओढलं आणि गुहेच्या दाराची शिळा भिरकावून दिली. शिळा पडली ती इथे आणि तिचाच तोगाकुशी डोंगर झाला. ओकुशात हाच पैलवान देव आहे. ज्याच्या युक्तीने हे सगळं जमलं तो देव चूशा या देवळात आणि नाचलेली देवी हिनोमिकोशा या देवळात. ओकुशाला खेटून नऊ डोक्यांच्या नागासारख्या ड्रॅगनचं छोटं देऊळ आहे. हा इथला मूळचा देव, पावसापाण्याचा. दातदुखीवाले त्याला नवस बोलायचे आणि नासपती वाहायचे.

आता जेवण. बाराशे मीटर उंची, थंडी आणि धुकं, त्यामुळे भाताला जागा बेताचीच. कुट्टू मात्र अशा हवेत खुशाल येतो, पेरल्यापासून अडीच महिन्यांत काढणीला. उत्तरेकडे उपवासाला खातात तोच कुट्टू. डोंगरात तप करणारे साधू त्याचं पीठ शिदोरीला बाळगत, पुढे यात्रेकरूंसाठी त्याच्या शेवया होऊ लागल्या. या शेवया म्हणजे सोबा. तोगाकुशीत त्या बांबूच्या गोल सुपलीवर पाच-सहा छोट्या जुड्या करून मांडतात, पाणी पूर्ण न निथळताच. थंड सोबाच घ्या. गरम रश्श्यात तिचा वास मारला जातो असं माझं मत आहे, जपानी मित्र वाद घालतात. नवीन पिकाची सोबा खायची असेल तर ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरमध्ये या. ऑगस्टच्या शेवटाकडे आलात तर शेतं पांढऱ्या फुलांनी भरलेली दिसतील. हिवाळ्यात ओकुशाची वाट बर्फाखाली जाते, तेव्हा आई-बाबांना घेऊन नकोच.

आईंसाठी महत्त्वाचं: सोबा बुडवायचा त्सुयु हा मासा उकळून केलेला असतो, दिसायला नुसतं सोया सॉसचं पाणी वाटलं तरी. तो बाजूला ठेवायला सांगा आणि सोबा मिठासोबत द्या म्हणा. ही काही विचित्र मागणी नाही, दर्दी लोकही पहिला घास मिठासोबत खातात. सोबत तिखट मुळ्याचा कीस मागा, आईंना आवडेल. रानभाज्यांचा आणि अळंब्यांचा तेम्पुरा, म्हणजे भज्यांसारखा प्रकार, मिळतो, पण पिठात अंडं आहे का आणि त्याच तेलात कोळंबी तळतात का, हे विचारून घ्या. शेवटी सोबा उकडलेलं गरम पाणी किटलीतून येतं. बाकीचे ते उरलेल्या त्सुयुत घालून पितात, आईंनी नुसतं प्यावं, पेजेसारखं लागतं. घरात कोणी कुट्टू कधीच खाल्ला नसेल तर जपून. काहींना त्याची अ‍ॅलर्जी जबरदस्त असते.

जेवायला चूशाच्या आसपास या, चांगली दुकानं तिथेच आहेत. अकरापर्यंत पोचा. सुट्टीच्या दिवशी रांग लागते आणि दिवसाची सोबा संपली की दुकानं सरळ बंद करतात, दुपारचे दोनच वाजलेले असले तरी. तसं झालंच तर नागानोत उतरून झेनकोजी देवळाच्या रस्त्यावर ओयाकी खा. जाड पारीत नोझावानाचा पाला किंवा भोपळा भरून भाजलेली असते. सारणात माशाचा अर्क नाही ना, एवढं तिथेही विचारा.