घोडेवेड्या मित्राच्या नावाने माळावर काय लावावे?

प्रश्न: आमच्या एका घोडेवेड्या मित्राला जाऊन येत्या पावसाळ्यात वर्ष होईल. सारंगखेड्याची घोडेबाजाराची यात्रा त्याने कधी चुकवली नाही. त्याच्या दोन भीमथडी जातीच्या घोड्या आता मुलाकडे आहेत. घरचे एक एकर पडीक माळरान आहे. तिथे लिदीचे खत घालून त्याच्या नावाने शंभर झाडे लावावीत, असे आम्हा मित्रांच्या मनात आहे. कशी लावावीत?
– एक वाचक, दौंड तालुका

उत्तर: आधी पाण्याचा हिशेब करा. रोपाला पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात दर चार-पाच दिवसांनी 15 लिटर पाणी धरले, तरी शंभर रोपांना एका पाळीला 1,500 लिटर लागतात. दोन्ही घोड्या मिळून दिवसाला 50 लिटरच्या आसपास पितात. टँकरवर जगवलेली रोपे टँकर थांबला की वाळतात. शिवाय तुम्ही ज्याला पडीक म्हणता तो गवताळ माळ आहे. लांडगा, ससा, चंडोल यांचे ते घर. दाट झाडे लावली की सावलीने गवत मरते आणि घोडीच्या तोंडचा घास जातो.

म्हणून बांधावर बोर, हिवर, कडुलिंब अशी पाच-सहा झाडेच लावा आणि बाकी माळ गवताला द्या. शोभेसाठी कण्हेर मात्र कुंपणालाही नको. तिची मूठभर पानेही घोड्याचा जीव घेऊ शकतात.

खोल नांगरट करू नका, मुरूम वर येतो आणि मूळचे गवत मोडते. पवन्या, डोंगरी ही मूळची गवते जिथे असतील तिथे तसेच राहू द्या. मोकळ्या जागी उताराला आडव्या उथळ चरी काढून, पहिला चांगला पाऊस झाल्यावर मारवेल गवताचे मुळासकट ठोंब 45 × 30 सेंमीवर लावा. गुंठ्याला साधारण 750 ठोंब लागतात. पहिले वर्षभर चराई पूर्ण बंद ठेवा. घोडा गवत अगदी मुळाशी खुडतो, त्यामुळे नवा ठोंब टिकत नाही. पुढे निम्मे गवत फुलोऱ्यात आले की कापा. उशीर केला तर कस उतरतो. कुसळी गवत तर कुसळे यायच्या आतच कापायला हवे, नाहीतर ती घोडीच्या हिरड्यांत आणि जिभेत रुततात.

आता चाऱ्याचे गणित. अडीचशे किलोच्या घोडीला वजनाच्या दोन टक्के, म्हणजे रोज पाच किलो कोरडा चारा धरा. वर्षाचा झाला 1.8 टन. कोरडवाहू माळावर एकरी दीड-दोन टन वाळला चारा निघाला तरी पुष्कळ. तेव्हा हे एकर एकाच घोडीचे आहे. दुसरीचा चारा विकत घ्यावा लागेल, आणि तिसरी घोडी घेऊ नये. कोवळी हिरवी ज्वारी फुकट मिळाली तरी घोड्याला घालू नका. त्यातल्या विषाने मूत्राशय आणि मागचे पाय निकामी होतात.

लीद ताजी पसरू नका. त्यातून तणाचे बी आणि जंतांची अंडी माळभर जातात. चार फूट लांब, रुंद आणि उंच असा ढीग करा. मूठ दाबली की ओल जाणवावी, पाणी गळू नये. आत 55 ते 65 अंश तापले पाहिजे. आठवड्याला उलथापालथ करून बाहेरची लीद आत घ्या. दोन-तीन महिन्यांत खत होते. नाकाला झोंबणारा वास आला तर मूत्र जास्त झाले आहे, पालापाचोळा मिसळा. आत पांढरी भुकटी दिसली तर ढीग कोरडा पडला आहे, पाणी शिंपडा. आयव्हरमेक्टिन हे जंतांचे औषध दिल्यानंतर आठवडाभराची लीद माळावर पडू देऊ नका, ढिगातच टाका. त्या औषधाने शेणकिडे मरतात. लिदीत धनुर्वाताचे बीजाणू असतात आणि ढिगाच्या उष्णतेने ते मरत नाहीत, म्हणून हातमोजे घाला आणि लस घेतलेली असू द्या.

प्रश्न: वर्षश्राद्धाला गावातल्या सगळ्या घोड्यांना गूळ-हरभरा आणि पेढे घालावेत का?

उत्तर: पेढे नकोत. घोड्याला ओकारी करता येत नाही. सवय नसताना एकदम धान्य किंवा गोड पोटात गेले की पोटशूळ उठतो, खुरांच्या आत सूज येऊन जनावर कायमचे लंगडेही होते. रोज हरभरा खाणाऱ्याला त्याच्या मापातलाच, भिजवलेला द्या. बाकीच्यांना वाळल्या गवताची पेंढी. ती कुणालाही चालते.

प्रश्न: त्याची थोडी रक्षा झाडाच्या खड्ड्यात घातली तर?

उत्तर: मूठ-दोन मुठी, मातीत नीट मिसळून. तुमच्याकडची माती बहुधा चुनखडीची, त्यात राखही अल्कधर्मी. जास्त झाली तर रोपाला लोह मिळत नाही आणि कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.