वाचकांचे प्रश्न : पंचांग पाहून अंदमान

प्रश्न : आम्ही गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यात राहतो. धानाची मळणी आटोपल्यावर जानेवारीत पत्नी आणि ६८ वर्षांच्या आईला घेऊन सात दिवसांसाठी अंदमानला जाण्याचा विचार आहे. आईने आजवर समुद्र पाहिलेला नाही. सहल कंपनीच्या कार्यक्रमात रोज तीन-चार ठिकाणे आहेत. एवढे सगळे पाहणे तिला झेपेल काय?

उत्तर : महिना आपण योग्य निवडला आहे, कारण डिसेंबर ते एप्रिल हा तिथला कोरडा हंगाम असतो. मात्र तो कार्यक्रम तसाच स्वीकारू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. किनारा कधी पाहावा हे सहल कंपनीच्या घड्याळापेक्षा भरती-ओहोटी ठरवते आणि नेमका तिचाच विचार अशा कार्यक्रमांत क्वचित केलेला असतो.

शहीद द्वीपाचे, म्हणजे पूर्वीच्या नील बेटाचे, उदाहरण घ्या. तेथील लक्ष्मणपूरचा नैसर्गिक खडकांचा पूल जवळून पाहायचा तर ओहोटीच हवी. पाणी उतरले की खडकांच्या खळग्यांत आपल्या गावच्या बोडीसारखी, म्हणजे लहान तळ्यासारखी, पण परातीएवढी डबकी उरतात. त्यांत खेकडे, लहान मासे आणि काळ्या दोडक्यासारखी निपचित पडलेली समुद्रकाकडी हा प्राणी दिसतो. याउलट भरतपूरच्या किनाऱ्यावर ओहोटीत पाणी गुडघ्याखाली जाऊन प्रवाळ पायाखाली येते, त्यामुळे तेथे भरलेले पाणीच बरे. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, तर अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी सर्वाधिक चढते आणि उतरतेही. म्हणून पंचांग सोबत असू द्यावे. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, पण तो हिशेब अंदमानला लागू पडत नाही. नेमकी वेळ तेथील नावाड्यालाच विचारावी. त्या खडकांवर शेवाळ असते, तेव्हा आईंना पट्ट्याच्या रबरी चपला घालाव्यात आणि हाताला धरूनच न्यावे.

आमच्या मते सात दिवसांपैकी तीन रात्री याच बेटावर काढाव्यात. भाजीपाल्यासाठी प्रसिद्ध असलेल्या या बेटावर नारळ-सुपारीच्या बागांमधून हिंडताना आपल्याला परके वाटणार नाही, कारण फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या ज्या निर्वासितांची गावे आपल्या चामोर्शी-मुलचेरा भागात वसली, त्यांच्यासारख्याच कुटुंबांनी येथील शेतीही उभी केली. आपणास कामापुरती बांगला येत असेल, तर गावातल्या चहाच्या टपरीवर तिचा जेवढा उपयोग होईल तेवढा कोणत्याही मार्गदर्शकाचा होणार नाही.

स्वराज द्वीपासाठी, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकसाठी, दोन रात्री पुरेत. राधानगरचा रुंद, पांढऱ्या वाळूचा किनारा पश्चिमाभिमुख आहे. परंतु ही बेटे आपल्यापेक्षा बऱ्याच पूर्वेला असून घड्याळ मात्र आपलेच चालते, म्हणून जानेवारीत तेथे सव्वापाचच्या आसपासच दिवस मावळतो. दुपारच्या झोपेनंतर चहा घेऊन निघाल्यास सूर्यास्त हुकलाच म्हणून समजा. आईंना समुद्राची पहिली ओळख येथेच करून द्यावी. प्रवाळासाठी प्रसिद्ध असलेल्या एलिफंट बीचवर बोटीने किंवा जंगलातून पायी जावे लागते. तो वगळला तरी चालेल.

श्री विजयपुरम, म्हणजे पूर्वीचे पोर्ट ब्लेअर, येथे सेल्युलर जेलसाठी अर्धा दिवस राखून ठेवा. १९०६ मध्ये बांधून पूर्ण झालेल्या या तुरुंगाच्या सात इमारतींपैकी तीनच आज उभ्या आहेत. १९११ ते १९२१ या काळात सावरकर येथे कैदेत होते.

बाराटांग बेटावरची चुनखडीची गुहा मात्र या खेपेस सोडावी. त्यासाठी पहाटेच्या अंधारात निघून, जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून वाहनांच्या ताफ्यात जाऊन, पुढे बोट आणि मग पायपीट करावी लागते. त्या वाटेवर थांबण्यास आणि जारवांची छायाचित्रे काढण्यास कायद्याने मनाई आहे. भामरागडच्या माडिया आदिवासींकडे कॅमेरे रोखणारे पाहुणे आपण पाहिले असतील. त्या मनाईमागचे कारण आपणास वेगळे समजावून सांगायला नको.

प्रवासाविषयी थोडक्यात : बल्लारशाहहून रेल्वेने चेन्नई आणि तेथून विमान. जहाजाला सुमारे तीन दिवस लागत असल्याने सात दिवसांत ते बसत नाही. बेटांमधील बोटीत आईंना मधल्या बाकावर बसवावे, उपाशीपोटी नेऊ नये आणि मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून आधीच द्यावी.

प्रश्न : अंदमानच्या किनाऱ्यावरून देवघरासाठी शंख आणि थोडे प्रवाळ आणता येईल काय? (दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : प्रवाळ मुळीच उचलू नये, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे आणि मेलेला तुकडाही सामानाच्या तपासणीत अडकवतो. शंख-शिंपल्यांच्याही काही जाती संरक्षित आहेत आणि त्या ओळखणे आपल्यासारख्या कोरडवाहू मुलखातल्या माणसाचे काम नाही. शिवाय किनाऱ्यावरच्या रिकाम्या शंखात बहुधा संन्यासी खेकड्याचा संसार असतो. देवघरासाठी शंख हवाच असेल, तर तो परवानाधारक दुकानातून पावती घेऊनच आणावा.